तीन वाजून बारा मिनिटांनी

मराठीत झोपेविषयीची बहुतेक क्रियापदे माणसाच्या हातात फारसे काही ठेवत नाहीत. झोप येते, डोळा लागतो, झोप मोडते, झोप उडते आणि जागही येतेच. आपण फार तर अंथरुणाला पाठ टेकतो. पुढचे सगळे आपल्या परवानगीशिवाय घडत राहते. 'जागरण करणे' या शब्दप्रयोगात निदान काही निश्चय आहे, पण मध्यरात्र उलटल्यावर जी जाग येते, ती न बोलावता दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी असते, आणि पाहुण्याला जो प्रश्न आपण कधी तोंडावर विचारत नाही, तो तिला मात्र लगेच विचारतो : का आलीस?

मध्यंतरी काही महिने ती माझ्याकडे तीन वाजून बारा मिनिटांनी येत असे, किंवा तसे मला वाटत असे. पहिल्या रात्री उशाशी ठेवलेल्या फोनवर ३:१२ दिसले. दोन रात्रींनी ३:०९ दिसले, ते मी मनातल्या मनात तीन बाराच धरले. पुढच्या आठवड्यात एकदा पुन्हा नेमके ३:१२ दिसले आणि माझी खात्रीच पटली. या दरम्यान कधी दोनला, कधी साडेचारला आलेल्या जागा मी हिशेबात घेतल्या नाहीत, कारण त्या माझ्या सिद्धान्तात बसत नव्हत्या. एकदा आकडा मनात बसला की त्याला अर्थ हवाच असतो, आणि अर्थ पुरवणाऱ्यांची जगात कधीच कमतरता नव्हती.

पारंपरिक चिनी वैद्यकात दिवसाचे तास अवयवांना वाटून दिलेले आहेत. रात्री १ ते ३ यकृताची वेळ आणि ३ ते ५ फुप्फुसांची. म्हणजे २:५८ ला जाग आली तर दोष यकृताकडे आणि चार मिनिटे उशीर झाला तर तो फुप्फुसांकडे. ज्या देशांत वर्षातून दोनदा घड्याळ तासाभराने मागेपुढे केले जाते, तिथले अवयव हा सरकारी आदेश कसा पाळत असतील, हे कोडे मला सुटलेले नाही. युरोपात तीनचा ठोका सैतानाचा मानणारे लोक होते. आपल्याकडे कोणी हे ऐकले की समजुतीच्या सुरात म्हणते, 'अरे, तो ब्राह्ममुहूर्त असतो.' वास्तविक ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटे चालतो. सूर्योदय साडेसहाचा असेल, तर तो ४:५४ ला लागेल. तीन वाजता उठून बसणारा साधक जवळजवळ दोन तास लवकर आलेला असतो.

शरीरशास्त्राचे उत्तर यापेक्षा साधे आहे आणि मला ते अधिक मनोरम वाटते. आपली झोप सलग नसते. ती साधारण नव्वद मिनिटांच्या आवर्तनांत येते, अशी चार ते सहा आवर्तने मिळून एक रात्र होते आणि दोन आवर्तनांच्या सांध्यावर आपण जागृतीच्या अगदी काठाशी येतो. कूस बदलतो, पांघरूण ओढतो, कधी डोळेही उघडतो आणि पुन्हा बुडतो. निरोगी माणूसही रात्रीतून अनेकदा असा जागा होतो, फक्त त्या जागा इतक्या अल्पकाळाच्या असतात की स्मृतीत त्यांची नोंदच होत नाही. त्यात गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पूर्वार्धात संपलेला असतो. भुकेला माणूस जसा पहिल्या काही घासांत भराभर जेवतो आणि मग ताटात चिवडत बसतो, तशी दिवसभर साठलेली निजेची भूक पहिल्या तीन-चार तासांत बरीचशी भागते. उत्तररात्री उरते ती हलकी, स्वप्नांनी भरलेली झोप. शरीराचे तापमान त्या सुमारास दिवसभरातल्या नीचांकाकडे गेलेले असते आणि पहाटेच्या तयारीसाठी कॉर्टिसोल हे शरीराला जागे करणारे संप्रेरक हळूहळू चढू लागलेले असते. अकराला झोपणाऱ्या माणसाला तीनच्या आसपास जाग आली, तर त्यात गूढ एवढेच की ती त्याच्या लक्षात राहिली.

अर्थात काही जागांना खरोखरच कारण असते आणि ते टाळू नये. रात्री घेतलेले मद्य आधी गुंगी आणते आणि उत्तररात्री झोप विस्कटते. संध्याकाळची कॉफी रात्री उशिरापर्यंत रक्तात रेंगाळते. वय वाढते तशी झोप पातळ होते आणि मूत्राशय अधीर. घोरता घोरता श्वास अडकून दचकून जाग येत असेल, किंवा आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने हेच चालले असेल आणि दिवसही त्यात वाया जात असतील, तर ललित लेख वाचत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे.

सलग आठ तासांची झोप हाच निसर्गनियम आहे का, यावरही अभ्यासकांचे एकमत नाही. रॉजर एकर्च या अमेरिकी इतिहासकाराने २००१ साली युरोपातल्या जुन्या नोंदी, पत्रे आणि न्यायालयीन जबान्या चाळून असे मांडले, की औद्योगिक काळापूर्वी लोक 'पहिली झोप' आणि 'दुसरी झोप' अशा दोन भागांत झोपत. मधल्या तासाभरात ते प्रार्थना करत, गप्पा मारत, चुलीतला विस्तव सारखा करत. त्याआधी, १९९२ साली, थॉमस वेर या मनोविकारतज्ज्ञाने काही स्वयंसेवकांना महिनाभर रोज चौदा तास अंधारात ठेवले, तेव्हा त्यांचीही झोप आपोआप दोन तुकड्यांत विभागली गेली होती. उलट २०१५ साली जेरोम सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हिया इथल्या, विजेच्या दिव्यांपासून दूर असलेल्या समाजांचा अभ्यास केला, तेव्हा अशी नेमाची दुभंगलेली झोप त्यांना आढळली नाही. हा वाद कसाही सुटो, मला त्या दोन झोपांच्या मधल्या तासाचे आकर्षण वाटते. त्या माणसांना जाग येत होती, पण तिचे काय करायचे हे त्यांना ठाऊक होते. आपल्याला ते ठाऊक नाही, म्हणून आपण तिचा अर्थ शोधतो.

आणि अर्थ शोधायला ती वेळ फार वाईट. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली तो दिवसाढवळ्या बोलत असेल असे मला वाटत नाही. खूप वर्षांपूर्वी एका समारंभात भेटलेल्या ओळखीच्या गृहस्थांना मी मोठ्या आपुलकीने विचारले होते, 'बाबांची तब्येत आता कशी आहे?' ते क्षणभर थांबले आणि शांतपणे म्हणाले, 'ते गेले. सहा महिने झाले.' मला ते कळलेले होते, मी विसरलो होतो. त्यांनीच उलट मला सांभाळून घेतले, विषय बदलला, निघताना जेवून जाण्याचा आग्रहही केला. हा प्रसंग मला दिवसा कधीही आठवत नाही. रात्री तीन वाजता मात्र तो शब्दशः, आवाजासकट येतो, त्याच्यामागे न पाठवलेली उत्तरे येतात, पोटात उजवीकडे कधीतरी दुखले होते ते येते, आणि प्रत्येकाचा आकार दिवसाच्या दुप्पट असतो. अंधारात दुसरे काही दिसत नसल्यामुळे तुलनेला शेजारी काहीच नसते. शिवाय दिवसा ज्यांच्याकडे आपण धाव घेतो, ती कामे, फोन, माणसे, सगळी झोपलेली असतात. सकाळी तीच यादी पुन्हा वाचली, तर तिच्यातले निम्मे मुद्दे दात घासण्यापूर्वीच गळून पडतात. एकेकाळी रात्री सुचलेले दुःख अधिक खरे, असे मी मानत असे. आता तसे मानत नाही. ते अधिक एकटे असते, इतकेच.

तीन बाराच्या त्या महिन्यांत मला जागेने जितके थकवले नसेल, तितके तिच्यानंतरच्या आकडेमोडीने थकवले. आता लगेच झोप लागली तर सव्वातीन तास, चारला लागली तर अडीच, मग उद्याची बैठक कशी निभवायची. झोपेचे वैद्य सांगतात, की घड्याळ पाहू नये, आणि वीसेक मिनिटांत डोळा लागलाच नाही तर तळमळत पडण्यापेक्षा उठून मंद उजेडात काहीतरी शांत करावे, म्हणजे अंथरूण आणि तळमळ यांची गाठ पक्की होत नाही. यातला दुसरा सल्ला मला नीट जमत नाही, मी आळशी आहे. पहिला मात्र पाळला. फोन बाहेरच्या खोलीत गेला आणि त्याच्या जागी पाण्याचा पेला आला.

तेव्हापासून जाग येते ती आकड्याविना येते. खिडकीच्या काळ्या चौकोनावरून मध्यरात्र आहे की पहाट, एवढाही अंदाज बांधता येत नाही. कुठेतरी एखादा पंखा कुरकुरत असतो, कुठेतरी नळ ठिबकत असतो, कोणी खोकते, म्हणजे आणखी कोणीतरी जागे आहे. ते गृहस्थ अजूनही अधूनमधून येऊन 'सहा महिने झाले' म्हणतात आणि मी त्यांचे ऐकून घेतो.

आज सकाळी उठलो तेव्हा रात्र सलग गेली असे वाटून मला बरे वाटले. मग उशाशी पाहिले, तर काठोकाठ भरून ठेवलेला पेला रिकामा होता. ते पाणी मी कधी प्यायलो, हे मला आठवत नाही.