पंचविसावा भाग

दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच मित्र नागपूरच्या धरमपेठेतल्या एका टपरीवर तर्री-पोहे खायला जमतो. सगळ्यांनी पन्नाशी गाठलेली आहे आणि सगळ्यांच्या लहानपणीच्या रविवारच्या सकाळी दूरदर्शनवरच्या ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन अंतराळमालिकेसाठी राखून ठेवलेल्या होत्या. त्यामुळे जुन्या विज्ञानमालिका नव्याने उभ्या करण्याचा विषय एकदा निघाला की चहाची दुसरी फेरी झाल्याशिवाय तो मिटत नाही. एका मित्राला भीती वाटते की नवे लोक जुन्या पात्रांची विटंबना करतील. दुसऱ्याला वाटते की ते या पात्रांना इतके जपतील की मालिकेचे वस्तुसंग्रहालय होऊन जाईल. मला मात्र भागांच्या संख्येची काळजी वाटते. ही काळजी जरा हिशेबी असल्यामुळे टपरीवर ती कोणी पुरती ऐकून घेत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

त्यासाठी एका भागाची आठवण सांगावी लागेल. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या घरी टीव्ही नव्हता. शेजारच्या काकांकडे लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही होता. काका कामठीकडच्या भूमिगत कोळसा खाणीत नोकरीला होते. मालिका सुरू होण्याआधी एकाने गच्चीवर जाऊन सेमिनरी हिल्सच्या दिशेने अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने जिन्यात उभे राहून “मुंग्या गेल्या का?” हा प्रश्न खाली व त्याचे उत्तर वर पोचवायचे, अशी आम्हा मुलांत कामाची वाटणी होती. मे महिन्यात त्या पाऊण तासासाठी कूलर बंद केला जाई, कारण त्याच्या घरघरीत इंग्रजी संवाद ऐकू येत नसत. संवाद ऐकू आले तरी आम्हा मराठी शाळेतल्या मुलांना त्यातले फारसे कळत नसे, ही गोष्ट वेगळी. पण वाळ्याचा वास हळूहळू विरत जाणाऱ्या त्या खोलीत घामाने निथळत बसण्यास कोणाची हरकत नव्हती.

त्या दिवशीच्या भागात एका दूरच्या ग्रहावरच्या खाणीत कामगार एकामागून एक मारले जात होते. खडक विरघळवून त्यातून वाट काढणारा कोणी प्राणी हे करत होता. खरे सांगायचे तर कोणी तरी गोधडीखाली शिरून रांगत असावे, तसा तो प्राणी दिसत होता, आणि आम्ही हसलोही होतो. अंतराळयानाचा कॅप्टन कर्क त्याला दिसता क्षणी मारण्याचा हुकूम देतो, तर कर्कचा व्हल्कन ग्रहावरचा सहकारी स्पॉक याच्या मनात त्या प्राण्याला जिवंत पकडावे असे असते. पुढे बोगद्यात कर्क त्या प्राण्यासमोर एकटा सापडतो तेव्हा दोघांच्या भूमिका उलटतात. मित्राच्या काळजीपोटी स्पॉक ‘मारून टाका’ असे सांगू लागतो आणि कर्क शस्त्र रोखून उभा राहतो, पण ते चालवत नाही. अखेर उलगडा होतो की खाणकामगार ज्यांना निरुपयोगी गोटे समजून फोडत होते, ती त्या प्राण्याची अंडी होती.

काका इतका वेळ गप्प होते. ते आमच्याकडे न बघताच म्हणाले, “अबे, ते मारून नाही राहिली, पिल्लं वाचवून राहिली. घुसलो त आपणच तिच्या घरात.” रोज जमिनीखाली उतरणाऱ्या माणसाने म्हटलेले हे वाक्य मी चाळीस वर्षे विसरलेलो नाही. चंद्रपूरकडे बछडे असलेली वाघीण आणि गाव यांची गाठ पडल्याची बातमी वाचली की आजही मला आधी ती खोली आठवते.

आता हिशेब. ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि तिच्या पहिल्याच हंगामात २९ भाग होते. काकांना बोलते करणारा भाग त्यातला पंचविसावा, ९ मार्च १९६७ चा. कुतूहलापोटी मी पुढे आणखी मोजत गेलो. रोम्युलन ही शत्रुजमात प्रथम दिसली ती चौदाव्या भागात. ज्या खान नावाच्या खलनायकावर १९८२ चा गाजलेला चित्रपट उभा राहिला आणि ज्याला २०१३ मध्ये पुन्हा बोलावण्यात आले, तो आला बाविसाव्या भागात. क्लिंगॉन या दुसऱ्या शत्रुजमातीचे पाऊल पडले सव्विसाव्या भागात. स्पॉकचा व्हल्कन हा ग्रह तर प्रेक्षकांना दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला, म्हणजे एकुणात तिसाव्या भागात पाहायला मिळाला. पुनरुज्जीवन करणारी मंडळी आज ज्या भांडवलावर व्यवहार करत आहेत, त्यातला फार मोठा वाटा दहाव्या भागानंतर जमा झालेला आहे.

आणि आजचा रिवाज दहा भागांचाच आहे. ‘स्टार ट्रेक’च्याच विश्वातल्या वृद्ध कॅप्टन पिकार्डवरची मालिका तीन हंगाम चालली आणि प्रत्येक हंगाम दहा भागांचा होता. त्याच विश्वातल्या, २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’चे हंगामही दहा-दहा भागांचेच, आणि तिचा पाचवा व शेवटचा हंगाम सहाच भागांचा असल्याचे जाहीर झाले आहे. ‘एक्स-फाइल्स’ ही दुसरी जुनी विज्ञानमालिका १४ वर्षांनी परतली ती २०१६ मध्ये सहा भाग घेऊन. या भागांवर चित्रपटासारखा खर्च केलेला दिसतो, आणि तो डोळ्यांना सुखावतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दहाच भाग हाताशी असले की प्रत्येक भागावर पुढच्या भागाचे ओझे येते, सहाव्या भागापर्यंत आकाशगंगा धोक्यात आलीच पाहिजे अशी घाई सुटते आणि गोधडीखालच्या प्राण्यासाठी पाऊण तास काढायला कोणालाच फुरसत राहत नाही. यानाचा नियंत्रणकक्ष, दारांचा तो सुस्कारा, गणवेश हे सगळे सामान नव्या घरात व्यवस्थित मांडले जाते. खुर्च्यांवर बसून वाद घालायला मात्र वेळ उरत नाही, आणि ‘मारायचे की नाही’ या एका प्रश्नावर दोन शहाण्या माणसांची मते उलटीपालटी होत जाणे, हीच तर जुन्या मालिकेची खरी मिळकत होती.

टपरीवरचा एक मित्र यावर लगेच जुन्या मालिकेच्या तिसऱ्या हंगामाकडे बोट दाखवतो आणि त्याचे म्हणणे मला मान्य करावे लागते. दुसऱ्या हंगामानंतर मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागली तेव्हा बीजो ट्रिम्बल ही चाहती आणि तिचा नवरा जॉन यांनी पत्रमोहीम उभारली. मालिका दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पडला, आणि मालिका पुढे चालू राहील असे वाहिनीला १९६८ च्या मार्चमध्ये पडद्यावरून सांगावे लागले. चाहत्यांच्या इतिहासात ही कथा विजयाची म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात जे हाती आले ते असे: शुक्रवारी रात्री दहाची वेळ, जेव्हा या मालिकेचा तरुण प्रेक्षक घरीच नसे, आखडलेला खर्च, आणि २४ भाग, ज्यांतले बरेचसे आज चाहतेही झाकून ठेवतात. १९६९ च्या जूनमध्ये मालिका ७९ भागांवर थांबली. मालिका परत द्या, एवढेच चाहत्यांनी मागितले होते. ती कोणत्या वेळेला, किती पैशांत आणि कोणाच्या हातून, हे पत्रात लिहिण्याचे राहून गेले. आजही एखाद्या जुन्या मालिकेच्या पुनरागमनाची घोषणा झाली की आम्ही कॅप्टन कोण होणार यावरच भांडतो, आणि लेखक कोण आहेत व त्यांना किती वेळ दिला आहे, हे विचारायला विसरतो.

पात्रांच्या विटंबनेची भीती मला फारशी वाटत नाही, कारण ती यापूर्वी अनेकदा खोटी ठरलेली आहे. २००३ मध्ये ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही जुनी अंतराळमालिका नव्याने आली तेव्हा स्टारबक हा पुरुष वैमानिक बाई झाला म्हणून केवढा गहजब झाला होता. मूळ मालिकेत अपोलो झालेल्या रिचर्ड हॅचने तर जुनीच कथा पुढे न्यावी म्हणून अनेक वर्षे स्वतः खटपट केली होती आणि या नव्या रूपाला त्याचा विरोध होता. पुढे त्याच मालिकेत त्याने एक वेगळी, चांगली गुंतागुंतीची भूमिका केली. आणि दृश्य रूपाच्या शुद्धतेबद्दल तर आम्ही नागपूरकरांनी बोलूच नये. लाल सदऱ्यातला माणूस ग्रहावर उतरला की तो परत येत नाही, हा जगप्रसिद्ध विनोद मला कितीतरी वर्षांनी कळला, कारण काकांच्या टीव्हीवर सगळ्यांचेच सदरे करडे होते आणि कोण मरणार हे आम्हाला कधीच आधी समजत नसे. ज्या मालिकेचे मूळ रंगच आम्ही पाहिले नाहीत, तिचे रंग बदलले म्हणून नव्या लोकांवर कोणत्या तोंडाने रागवावे?

आशा वाटावी असे उदाहरण हवे असेल तर मी ‘नेक्स्ट जनरेशन’ या ‘स्टार ट्रेक’च्याच नंतरच्या मालिकेचे देईन, आणि तेही तिच्या वैभवाचे नव्हे, तर तिच्या अडखळण्याचे. १९८७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा कर्क आणि स्पॉक यांच्याविना ‘स्टार ट्रेक’ ही कल्पनाच जुन्या चाहत्यांना रुचली नव्हती. पहिल्या हंगामात २६ आणि, लेखकांच्या संपामुळे, दुसऱ्यात २२ असे ४८ भाग तिने चाचपडण्यात घालवले. काही भाग तर अक्षरशः बघवत नाहीत. तिसऱ्या हंगामात तिला स्वतःचा सूर सापडला आणि १९९४ पर्यंत ती १७८ भाग चालली. आज अठ्ठेचाळीस भाग म्हणजे जवळजवळ पाच हंगाम होतात. पाच हंगाम चुकू देण्याइतकी सबुरी कोणत्या स्ट्रीमिंग कंपनीपाशी आहे, हे मला दिसत नाही. निदान तेरा-चौदा भाग द्यावेत, त्यांतल्या चारपाच भागांवर कथासूत्राची सक्ती नसावी आणि त्यांचा खर्च एका खोलीत भागेल इतकाच असावा, एवढी माझी मागणी आहे. ती फार नाही, असे मला वाटते; टपरीवरच्या मित्रांना ती भाबडी वाटते.

गेल्या दिवाळीत पुण्याला शिकणारी भाची घरी आली होती. तिने या सगळ्या नव्या मालिका फोनवर पाहिलेल्या आहेत. मी तिला तो पंचविसावा भाग लावून दिला. गोधडी दिसल्यावर ती आमच्यासारखीच हसली आणि अंड्यांचा उलगडा झाल्यावर आमच्यासारखीच गप्प झाली, तेव्हा मला मनातून बरे वाटले. शेवटी पिल्ले बाहेर येतात, कामगारांसाठी तीच बोगदे खोदू लागतात आणि यान पुढच्या वाटेला लागते. नामावली सुरू झाल्यावर तिने विचारले, “पुढच्या भागात काय होतं त्या पिल्लांचं?”

मी सांगितले की पुढचा भाग वेगळ्याच ग्रहावर घडतो आणि ती मालिका या ग्रहाकडे पुन्हा कधीच वळली नाही.

“असं कसं सोडून दिलं, मामा? इतकं सगळं झाल्यावर?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. काकांच्या खोलीत हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडल्याचे मला आठवत नाही. कूलर पुन्हा सुरू होई, शटर ओढले जाई आणि आम्ही उन्हात खेळायला पळत असू. मी तिला सव्विसावा भाग लावून दिला.