ऑपेरा हाउसमध्ये खरंच ऑपेरा व्हायचा का?

गिरगावात वाढलो म्हटलं की बाहेरची मंडळी हमखास विचारतात, "ते ऑपेरा हाउस म्हणता, तिथं कधी ऑपेरा झालाय का हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. ऑपेरा म्हणजे गोष्ट गाऊन सांगणारं युरोपी संगीत नाटक. तो झाला, पण पानात लोणचं असतं तेवढाच.

ज्याच्या डोक्यातून हे रॉयल ऑपेरा हाउस निघालं तो मॉरिस बँडमन करमणुकीचा व्यापारी. बस्तान कलकत्त्यात, पण त्याच्या मंडळ्या जिब्राल्टरपासून जपानपर्यंत फिरायच्या. लंडनला चाललेली हलकीफुलकी संगीत नाटकं, नाच, विनोदी नकला असा सगळा मसाला. बोटीतून माणसं, पडदे, पोशाख उतरवायचे, खेळ लावायचे आणि पुढचं बंदर गाठायचं. मुंबईत त्याला जोडीदार मिळाले जहांगीर फ्रामजी कराका, कोळशाच्या दलालीतलं पारशी नाव. काम अजून चालूच होतं, तरी १९११ साली पंचम जॉर्ज मुंबईत आले तेव्हा त्यांच्या हस्ते उद्घाटन उरकून घेतलं. 'रॉयल' नावावर हक्क सांगायला तेवढं पुरलं!

आत शिरलं की मान आपोआप वर जाते. घुमटाचे आठ भाग, कवी-नाटककारांना वाहिलेले. खाली ससून घराण्याकडून आलेली झुंबरं. पण या वास्तूचं खरं वैभव कानाला कळतं. मायक्रोफोन नसलेल्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचायचा. म्हणूनच बालगंधर्व, मास्टर दीनानाथ इथं गायले आणि पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सची नाटकंही इथं झाली. नाटक संपल्यावर पृथ्वीराज स्वतः दाराशी झोळी पसरून उभे राहायचे, चांगल्या कामासाठी मदत मागायला. एवढा मोठा नट समोर उभा राहिल्यावर खिशात हात न घालणारा विरळाच असणार.

मूकपट तर आधीपासूनच दाखवले जात होते. तिशीच्या दशकात मात्र सिनेमानं पुरता ताबा घेतला. त्या पायी रंगमंचालगतचे बॉक्स, म्हणजे बड्या प्रेक्षकांसाठीचे वेगळे सज्जे, गेले. १९५२ साली गुजरातेतल्या गोंडल संस्थानच्या महाराजांनी थिएटर विकत घेतलं. पुढे घरोघर व्हिडिओ आणि केबल आलं, पडद्यासमोरच्या खुर्च्या ओस पडल्या आणि १९९३ मध्ये टाळं लागलं. माझं मत विचाराल तर नाटक, गाणं, नाच सगळं सोडून एकट्या सिनेमावर जगायला गेलं, तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. जे दहा गोष्टींसाठी बांधलं ते एकाच धंद्यावर किती दिवस तगणार?

थिएटर बंद, पण बसचे कंडक्टर 'ऑपेरा हाउस' पुकारतच राहिले. शेजारच्या हिरेबाजारातली कितीतरी माणसं त्या नावाच्या भागात रोज राबली, आतली खुर्ची न बघता.

गोंडल घराण्यानं इमारत पाडली नाही, हे त्यांचे उपकार. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी ती सावरली, बॉक्सही पुन्हा उभे राहिले. ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा उघडला तेव्हा गायल्या पॅट्रिशिया रोझारिओ, मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो, म्हणजे सगळ्यांत उंच पट्टीत गाणाऱ्या ऑपेरा गायिका. पुढच्या वर्षी युनेस्कोचा पुरस्कारही आला.

आता तिथं नाटकं, मैफली, नाच सगळं होतं. जाणार असाल तर वरच्या माळ्याचं तिकीट काढा. घुमट जवळून दिसतो. फक्त पायऱ्या चढायची तयारी ठेवा.