कुठल्या थरातला? सात जीवाश्म सहलींनंतरची नोंद

कालच्या सहलीहून परतल्यावर कपाट नव्याने लावायला घेतलं आणि नमुन्यांचे आपोआप दोन ढीग पडले. पहिल्या दोन सहलींतले तुकडे साठेक. नंतरच्या पाच सहलींतले एकतीस. दिसायला देखण्या गोष्टी साठांतच जास्त आहेत. तरी यातलं काय ठेवशील असं कुणी विचारलं, तर मी एकतीसांचा ट्रे उचलेन, कारण त्यातल्या प्रत्येकाचा पत्ता माझ्या वहीत आहे. हा फरक कसा पडत गेला, ते आपल्या छंदातल्या मंडळींसाठी सविस्तर लिहून ठेवते आहे.

पहिली सहल एका बंद पडलेल्या खाणीत होती. चुनखडक आणि शेल (चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक) यांचे आलटून पालटून थर, ऑर्डोव्हिशियन काळातले, म्हणजे सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचे. आम्ही वीसेक जण होतो. म्होरक्यांनी आधी मालकाच्या लेखी परवानगीचा कागद दाखवला, हेल्मेट आणि गॉगल तपासले, भिंतीच्या पायथ्याशी कुणीही बसायचं नाही असं बजावलं. एकाने सुतारकामाची हातोडी आणली होती, ती त्यांनी काढून घेतली. तिचं पोलाद छिन्नीवर मारण्यासाठी नसतं, कडेची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. मग सगळे पांगले.

पहिला तासभर मला काहीही दिसलं नाही. नुसता राखाडी दगड. गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो. त्या शेजारी येऊन म्हणाल्या, "चालू नकोस. बस. एवढी सतरंजीभर जागा धर आणि तेवढीच बघ." ऊन कोवळं होतं, तिरपं पडत होतं. पाचेक मिनिटांत एका फरशीवर बारीक गोल चकत्या दिसू लागल्या, मधोमध भोक असलेल्या. क्रायनॉइडच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या, देठाच्या चकत्या. एक दिसली, मग दहा दिसल्या, मग सगळी फरशीच त्यांनी भरलेली आहे हे लक्षात आलं. एक तुटलेली चकती उन्हात फिरवली तर आरशासारखी चमकली. क्रायनॉइडची प्रत्येक चकती म्हणजे कॅल्साइट या खनिजाचा एकच स्फटिक असतो, त्यामुळे ती सपाट तुटते आणि चकाकते. ही चमक ओळखायला शिकणं ही माझी पहिली खरी कमाई. दुपारचं ऊन डोक्यावर आल्यावर तीच फरशी पुन्हा राखाडी दिसायला लागली. तेव्हापासून सहलीची वेळ सकाळची की दुपारची हे मी आधी विचारते, आणि ढगाळ दिवस असेल तर बॅटरी तिरपी धरते.

त्या दिवशी आणि पुढच्या सहलीत मी पिशवी भरभरून आणली. ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखे दिसणारे, दोन झडपांचे समुद्री प्राणी), ब्रायोझोआच्या (वसाहत करून राहणाऱ्या इवल्या समुद्री प्राण्यांच्या) काड्या, एक ट्रायलोबाइटची (खंडाखंडांच्या कवचाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याची) शेपटी. शिंपला आणि ब्रॅकिओपॉड यांतला फरक तोवर पाठ झाला होता. ब्रॅकिओपॉडची एक झडप, म्हणजे कवचाचा एक अर्धा, घेतली तर ती मधल्या रेषेवर डावी-उजवी सारखी, पण वरची आणि खालची झडप वेगळ्या घडणीची. शिंपल्याचं बहुधा उलट, दोन झडपा एकमेकींचं प्रतिबिंब आणि प्रत्येक झडप एका बाजूला कललेली. हे कळल्यावर पिशवीतल्या अर्ध्या गोष्टींना नावं मिळाली आणि मी खूश होते.

मग एका संग्रहालयात ओळख दिवस होता. असे दिवस तुमच्या जवळपास होत असतील तर सोडू नका. टेबलामागे तज्ज्ञ बसतात, लोक घरातले डबे घेऊन येतात. माझ्या पुढे एक लहान मुलगा होता, त्याच्या दगडावर फर्नच्या पानासारखी काळी नक्षी होती. तज्ज्ञांनी त्याला भिंग दिलं आणि दाखवलं की ती वनस्पती नसून मँगनीजच्या संयुगांनी भेगेत काढलेली रांगोळी आहे, डेंड्राइट. मुलगा हिरमुसला, तर त्यांनी त्याला ती खडकात कशी वाढते हे इतकं रंगवून सांगितलं की तो दगड छातीशी धरून गेला. मग माझी पाळी. त्यांनी डब्यातून नेमकी ट्रायलोबाइटची शेपटी उचलली, फिरवली, आणि विचारलं, "कुठल्या थरातला?"

मी म्हणाले, "खाणीतला."

"खाणीतला कुठला थर? की खाली पडलेल्या ढिगातला?"

मला सांगता येईना. त्यांनी शेपटी हळूच पुन्हा कापसात ठेवली आणि वहीच्या कागदावर खाणीची भिंत काढून दाखवली. ती भिंत बारा मीटर उंच आहे. खालचा थर साचला तेव्हा समुद्र खोल आणि गढूळ असेल, वरचा साचला तेव्हा उथळ आणि लाटांनी ढवळलेला. पायथ्याशी पडलेला तुकडा यातल्या कुठल्याही वेळचा असू शकतो. "प्राणी तुम्ही आणलात," ते म्हणाले, "त्याचा काळ आणि त्याचा समुद्र तिथेच राहिला."

घरी येताना मी हाच विचार करत होते. विल्यम स्मिथ हा कालव्यांच्या कामावरचा सर्वेक्षक. कुठल्या थरात कुठले जीवाश्म सापडतात हे तो वर्षानुवर्षं टिपत राहिला, आणि त्या जोरावर १८१५ साली इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूशास्त्रीय नकाशा छापला. अमोनाइट, म्हणजे चक्राकार शंखांचे जीवाश्म, तर त्याच्याआधीही लोक गोळा करतच होते. थर त्याने लिहून ठेवले.

तिसऱ्या सहलीपासून माझी पद्धत बदलली. तिथे पोचल्यावर पहिला अर्धा तास मी हातोडी बाहेरच काढत नाही. सुरक्षित अंतरावरून समोरचे थर मोजायचे, खालून वर क्रमांक द्यायचे, वहीत जाडी आणि रंग लिहायचे. वस्तू दिसली की उचलण्याआधी फोटो, शेजारी पट्टी. खडकात असतानाच वरची बाजू दाखवणारा बाण मार्करने काढायचा. क्रमांक नमुन्यावर चिकटवायचा, तोच पिशवीवर, आणि पिशवीच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. पेनाची शाई ओलीत फुटते, पेन्सिल टिकते. त्या दिवशी मी फक्त चार नमुने आणले. इतर मंडळींच्या पिशव्या भरलेल्या होत्या, पण मला घाई वाटली नाही.

त्या चारातला एक शेलचा पापुद्रा होता. छिन्नी कडेने हलकेच फिरवल्यावर तो पुस्तकासारखा उघडला. एका पानावर ट्रायलोबाइटचं अंग, दुसऱ्यावर त्याचा खोलगट ठसा. ठशाचा भाग मी बाजूला ठेवून देणार होते. बाईंनी हात धरला. कवचाचे बारीक कंगोरे कधी कधी ठशावरच शाबूत राहतात, कारण फुटताना कवचाची साल त्या बाजूला चिकटते. दोन्ही अर्ध्यांना एकच क्रमांक, पुढे अ आणि ब. वेगवेगळे गुंडाळायचे, म्हणजे एकमेकांवर घासत नाहीत, पण पिशवी एकच. घरी दहापट भिंगाखाली बघितलं तर डोळ्याची भिंगं खरोखरच ठशावर जास्त स्पष्ट होती, मधाच्या पोळ्यासारखी रांगेत.

चौथ्या सहलीला पावसाने गाठलं. आडोशाला थांबलो असताना म्होरक्यांनी चार्निया या फार जुन्या जीवाश्माची हकीगत सांगितली. मला ती आधी अर्धीच माहीत होती. १९५७ साली इंग्लंडमधल्या चार्नवुड फॉरेस्टात रॉजर मेसन या शाळकरी मुलाला खडकावर पानासारखा ठसा दिसला. त्या वेळी समजूत अशी होती की इतक्या जुन्या, कँब्रियनपूर्व (चोपन्न कोटी वर्षांहून जुन्या) खडकांत असे जीवाश्म नसतातच. पुढच्या वर्षी त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, नाव ठेवलं चार्निया मेसोनी. पण त्याच्या आदल्या वर्षी टीना नेगस या मुलीला तोच ठसा दिसला होता. तिने शिक्षिकेला सांगितलं, तर त्या खडकांत जीवाश्म नसतात म्हणून विषय तिथेच संपला. मला तिचं फार वाटतं. एखाद्या मुलाने काही दाखवलं तर आमच्या गटात आता पहिला प्रश्न "कुठे दिसलं, दाखव" हाच असतो, आणि तो मी आग्रहाने विचारते.

पाचवा कार्यक्रम खरं तर सहल नव्हती, चाळण दिवस होता. आधीच्या वेळी आणलेली चिकणमाती दोन आठवडे पूर्ण सुकवून ठेवली होती. ओली माती पाण्यात टाकली तर गोळाच राहतो. खडखडीत वाळलेली टाकली की बुडबुडे येतात, बारीक फसफस ऐकू येते, आणि ढेकूळ बघता बघता चिखल होऊन बसतं. मग दोन, एक आणि अर्धा मिलिमीटर अशा तीन चाळण्या, वरून हलकं पाणी. उरलेला चाळ सुकवून काळ्या ताटलीत पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक ब्रशच्या टोकाने एकेक दाणा उचलायचा. चार तासांत मला तपकिरी, चकचकीत असे सहा माशांचे दात मिळाले आणि घेवड्याच्या दाण्यासारखे ऑस्ट्राकॉड (दोन झडपांचे इवले कवचधारी जलचर) तर कितीतरी.

इथेही प्रश्न थराचाच. चाळणीच्या जाळीत आधीच्या नमुन्याचे दाणे अडकून राहतात आणि पुढच्या थरात मिसळतात. त्यासाठीची युक्ती मला फार आवडली: दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवायची. अडकलेला दाणा निळा होतो. नंतरच्या चाळात निळा दाणा दिसला की तो पाहुणा, मोजायचा नाही.

सहावी सहल किनाऱ्यावर, भरती-ओहोटीचं वेळापत्रक हातात घेऊनच. ओहोटी लागताना निघायचं, पाणी वळण्याआधी परतायचं, यात सूट नाही. किनाऱ्यावर सुटे गोटे मिळतात आणि ते कड्याच्या कुठल्या उंचीवरून आले हे कळणं अवघड, म्हणून तिथे मी निदान कुठल्या कड्याखाली सापडलं ते आणि गोट्याचा रंग-पोत लिहिते. इंग्लंडमधल्या लाइम रीजिस आणि चार्मथच्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकातली जीवाश्म-शोधक मेरी अॅनिंग हिवाळी वादळांनंतर अशीच कडे धुंडाळायची. तिथे आज पश्चिम डॉर्सेटची संकलन संहिता आहे: किनाऱ्यावरचं सुटं घ्या, परवानगीशिवाय कडा खोदू नका, महत्त्वाचं सापडलं तर नोंदवा.

नियमांची चौकशी दर ठिकाणी नव्याने करा, एका जागेचा नियम दुसरीकडे लागू होत नाही. अमेरिकेत २००९च्या कायद्याप्रमाणे काही सरकारी जमिनींवर सामान्य अपृष्ठवंशी आणि वनस्पतींचे जीवाश्म स्वतःपुरते माफक घेता येतात, पण पृष्ठवंशीयांना परवाना लागतो. राष्ट्रीय उद्यानांत तर काहीच उचलायचं नाही. ओहायोच्या सीझर क्रीकला मोफत परवाना मिळतो, पण हत्यार वापरायचं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या पेन डिक्सीत उलट हातोडी चालते आणि मिळालेलं घरी नेता येतं. तिथे दरवर्षी तज्ज्ञांसोबत खोदण्याचा कार्यक्रम असतो, यंत्राने ताजे डेव्होनियन (सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या काळातले) थर उघडून देतात. डेन्मार्कमध्ये १९९०पासून विशेष महत्त्वाचा जीवाश्म सरकारजमा करावा लागतो आणि शोधणाऱ्याला मोबदला मिळतो. मला ही डेन्मार्कची पद्धत सगळ्यांत न्याय्य वाटते.

नवीन कुणी गट शोधत असेल तर माझा सल्ला: किती सापडतं हे न विचारता नोंदी कशा ठेवतात ते विचारा. लंडनची जिऑलॉजिस्ट्स असोसिएशन १८५८ची, सिनसिनाटीचा ड्राय ड्रेजर्स हा हौशी गट १९४२चा. हौशी आणि अभ्यासक एकत्र फिरले की काय होतं ते अशा गटांत दिसतं. १९८३ साली इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या मातीच्या खाणीत विल्यम वॉकर या हौशी संग्राहकाला मोठी नखी सापडली. ती संग्रहालयापर्यंत पोचली, जागा कळली, म्हणून बाकीचा सांगाडा हाती आला आणि त्या डायनासोरला बॅरिऑनिक्स वॉकराय हे नाव पडलं.

आणि कालची सातवी सहल. पुन्हा त्याच पहिल्या खाणीत. या वेळी मी कापसात गुंडाळून ती ट्रायलोबाइटची शेपटी सोबत नेली होती. तिच्या मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा मूळ खडक अजून चिकटलेला आहे. तो ओला करून भिंगाखाली बघितला तर राखाडी चुनखडकात बारीक, फांदीदार ब्रायोझोआ खचाखच दिसले. मग म्होरक्यांच्या परवानगीने, हेल्मेट घालून, खाणीच्या सुरक्षित टोकाला जिथे थर उतरत जमिनीलगत येतात, तिथे एकेक थर ओला करून बघत गेले. पहिल्यात तसे ब्रायोझोआ नाहीत. दुसरा, तिसरा शेलचा, खडकच वेगळा. चौथ्यात तीच काड्यांची गर्दी, तोच रंग. पाचव्यात आणि सहाव्यात काड्या आहेत पण विरळ आणि जाड. बाईंनीही स्वतःच्या भिंगाने दोन्ही दगड शेजारी धरून बघितले, बराच वेळ. मग म्हणाल्या, "चौथा म्हणायला हरकत नाही. पण बहुधा लिही."

रात्री चिठ्ठी लिहिली: "नमुना ३२. ट्रायलोबाइट, शेपटी. सुटा सापडला. थर ४, बहुधा. आधार: चिकटलेल्या खडकातले ब्रायोझोआ, प्रत्यक्ष थराशी ताडून." साठांच्या ढिगात आता एकोणसाठ आहेत, आणि त्यातल्या अकरांना अजून मूळ खडक चिकटलेला आहे. पुढच्या महिन्यात त्याच खाणीत पुन्हा जायचं ठरलं आहे.