तारीखपट्टीवरचा पूर

बालविभागातील पुस्तकांविषयी आमच्या वाचनालयात लेखी तक्रार सहसा येत नाही. पालक कुरकुर करतात, काही जण पुस्तक टेबलावर आपटतात, पण कागदावर सही करून, वर ‘मा. कार्यवाह यांस’ असे लिहून कुणी काही देत नाही. गेल्या पावसाळ्यात गोदावरीचे पाणी उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजोबा ती रीतसर घेऊन आले. बरोबर त्यांची बारा वर्षांची नात होती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत एक भिजलेले, चिखलाने माखलेले पुस्तक होते. तक्रार त्या पुस्तकाविरुद्ध होती. ‘सदर पुस्तकामुळे मुलीच्या मनात पाणी आपले ऐकते अशी समजूत निर्माण होऊन ती पुराच्या पाण्यात उतरली, अशी पुस्तके तत्काळ काढून टाकावीत आणि मुलीचे सभासदत्व रद्द करून अनामत परत मिळावी’ असा एकूण मजकूर होता.

ही पुस्तके कोणती, हे बालविभागात काम न करणाऱ्याला सांगावे लागेल. नायिका अकरा ते चौदा वर्षांची असते, आई किंवा वडील बेपत्ता असतात, आणि एके दिवशी तिला कळते की अग्नी, पाणी, वारा किंवा माती तिच्या हाताच्या इशाऱ्यावर चालते. बहुतेक पुस्तके इंग्रजी असतात आणि संचाने येतात, एका भागाला एक तत्त्व. त्यामुळे एक भाग हरवला की सगळा संच निकामी होतो, कारण तिसरा भाग वाचायला मिळणार नसेल तर पहिला न्यायलाही मुली तयार नसतात. अग्नीचा भाग सतत बाहेर असतो, त्याच्या पाठोपाठ पाण्याचा. मातीवर हुकमत असलेली बिचारी नायिका मात्र बहुधा कपाटातच बसून असते. पाश्चात्त्य कथांनी ग्रीकांची चार तत्त्वे उचललेली असल्यामुळे आमच्या मुली हमखास विचारतात, की पंचमहाभूतांतले आकाश कुठे गेले? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अद्याप देता आलेले नाही.

या पुस्तकांची मी भक्त नाही. त्यांतली निम्मीअधिक मला कच्ची वाटतात, कारण नायिकेची शक्ती जन्मानेच आलेली असते; गळ्यात आजीचे लॉकेट, अंगावर जन्मखूण, आणि पुढे तीनशे पाने ती काही शिकत नाही, फक्त तिला आठवत जाते. जी थोडी चांगली असतात त्यांत शक्तीची किंमत मोजावी लागते, आणि मुलीला आधी त्या तत्त्वाचा स्वभाव ओळखावा लागतो. पिशवीतले पुस्तक या दुसऱ्या प्रकारातले होते. त्यातली नायिका पहिली शंभर पाने नदीकाठी बसून नुसते पाणी पाहत असते, आणि याच कारणासाठी अनेक मुली ते अर्धे वाचून परत करतात.

आजोबा बसले आणि बोलू लागले. त्यांचे घर भांडी बाजाराच्या बाजूला, उतारावरच्या जुन्या वाड्यात आहे. त्या भागात नदीचे पाणी यायच्या आधी सरस्वती नाल्याचे पाणी येते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि शहरातही पाऊस चालू असला, तर नाल्याला नदीत जायला वाट उरत नाही आणि तो सराफ बाजाराकडे फुगतो. नाशिककर पूर मोजतात तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर. गुडघे, कंबर, छाती, गळा. आजोबांनीही तसाच सांगितला. “२०१९ ला मारुती दिसेनासा झाला होता, ताई. या वेळी कंबरेच्या वर गेलं नाही. पण पाणी ते पाणी. पोरगी वाड्याच्या पायऱ्या उतरून खाली गेली, शेवाळावरून पाय सरकला, आणि तळमजल्यावरच्या दुकानदारानं दंडाला धरून ओढली म्हणून वाचली. हातात काय होतं? तर हे पुस्तक.”

मुलगी त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. मी तिच्याकडे पाहिले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मला पाणी थांबवायचं नव्हतं. ते किती वेळात चढतं ते बघायचं होतं.”

“हेच!” आजोबा म्हणाले. “मुलीच्या जातीला हे बघायला कुणी सांगितलं?” आणि मग, मी काही न विचारता, १९६९ च्या महापुरानंतरच्या पावसाळ्यांत आपण मित्रांबरोबर पुलावरून पुरात उड्या कशा मारल्या, थेट तपोवनाच्या बाजूला कसे निघालो आणि घरी येऊन मार कसा खाल्ला, हे त्यांनी फार रंगून सांगितले. तेव्हा त्यांच्या वडिलांनी कुठल्या वाचनालयात तक्रार दिली होती का, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता; पण टेबलापलीकडच्या माणसाला असे विचारायचे नसते, हे या नोकरीत लवकर अंगवळणी पडते. शिवाय आदल्या संध्याकाळी त्यांची नात वाहून जाता जाता राहिली होती आणि बोलताना त्यांचा हात थरथरत होता, हेही मला दिसत होते.

तक्रार मी दाखल करून घेतली आणि पोच दिली. नियमाप्रमाणे खराब झालेल्या पुस्तकाची किंमत सभासदाकडून वसूल करायची असते, म्हणून आजोबांनी पैसे काढून ठेवले. मी ते घेतले नाहीत, कारण पुस्तक खराब झाले आहे की नुसते भिजले आहे, हे अजून ठरायचे होते.

या एका बाबतीत मला माझ्या कामाचा अभिमान आहे, तेव्हा थोडे विस्ताराने सांगते. भिजलेले पुस्तक लोक उन्हात उघडून ठेवतात किंवा त्याच्यावर इस्त्री फिरवतात, आणि ते कायमचे वाकडे होते. बुरशी साधारण दोन दिवसांत धरते, त्यामुळे जे करायचे ते तेवढ्या अवधीत. पुस्तक चिखलाचे असेल तर ते आधी मिटलेलेच, घट्ट धरून स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली धरावे. उघडले तर गाळ पानांत शिरतो. मग पाणी निथळू द्यावे, वीस-पंचवीस पानांनंतर एक कोरा टिपकागद घालावा, तो ओला झाला की बदलावा, आणि पुस्तक पंख्याच्या वाऱ्यात उभे ठेवावे. गुळगुळीत, चकचकीत कागदाची पाने मिटलेली वाळली तर त्यांची वीट होते, ती पुन्हा कुणालाही सुटत नाही. हातात वेळच नसेल तर पुस्तक पिशवीत बंद करून सरळ फ्रीजरमध्ये ठेवावे. गोठलेल्या पुस्तकावर बुरशी वाढत नाही आणि सवड मिळते. माझ्या घरच्या फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी ग्रंथसंपदा ठेवलेली असते, याची घरच्यांना आता सवय झाली आहे. हे पुस्तक साध्या कागदाचे होते आणि फक्त खालचा तिसरा हिस्सा भिजला होता, म्हणून टिपकागदावर भागले.

टिपकागद घालत शेवटच्या पानापर्यंत गेले तेव्हा तारीखपट्टी दिसली. परतीच्या तारखांचे शिक्के मारतो ती ही पट्टी. शिक्क्याची शाई पाण्यात विरघळते, त्यामुळे जुन्या तारखांचे जांभळे डाग पडले होते. पेन्सिलीला मात्र पाण्याने काही होत नाही. शिक्क्यांच्या रकान्यांतून, जिथे रिकामी जागा सापडली तिथे, बारीक अक्षरांत लिहिले होते:

४.१० – खालून २ री पायरी
४.३५ – ३ री
४.५० – ४ थी
५.०० – ५ वी
५.०० ला सांगितलं. पोती वर.

बाजूला उभा गुणाकार केलेला होता: २८ गुणिले १०,०००. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. तेव्हा दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला पावणेतीन लाख लिटरहून अधिक. तिने शून्ये बरोबर मोजली होती.

मी देवघेवीच्या नोंदी काढल्या. त्याच महिन्यात तिच्या नावावर पाण्याच्या या गोष्टीबरोबर नद्या, धरणे आणि पूर यांवरचे एक मराठी माहितीपर पुस्तक गेले होते आणि वेळेत परत आले होते. आमच्या मांडणीत ही दोन पुस्तके कधी शेजारी येत नाहीत. दशांश वर्गीकरणाप्रमाणे इंग्रजी कथा ८२३ मध्ये जाते, पुराचे पुस्तक ५५१.४८९ मध्ये, आणि मधे एक जिना आहे. ते शोधायला ती मुलगी वरच्या मजल्यावर, जिथे मुले फिरकत नाहीत अशा कपाटापर्यंत गेली होती. ‘पोती वर’ या नोंदीचा अर्थ नंतर त्या दुकानदारांकडून कळला. वेळा कमी कमी होत चालल्याचे तिने त्यांना दाखवले, आणि त्यांनी कागदी पिशव्यांचा माल पाणी यायच्या आधी माळ्यावर चढवला. आजोबांच्या तक्रारीत याचा उल्लेख नाही.

हे सगळे कार्यकारी मंडळाच्या बैठकीत मी मांडले. तारीखपट्टीची छायाप्रतही ठेवली. एका सदस्यांनी ती उलटसुलट पाहून ‘वाचनालयाच्या पुस्तकावर लिहिले म्हणून दंड किती?’ असे विचारले. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की तपासणीच्या वेळी ही तक्रार फाइलमध्ये निघाली तर वाचनालयाच्या दर्जाचा प्रश्न येईल. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आमचे अनुदान अ, ब, क, ड या वर्गांवर ठरते, आणि आमची मंडळे वाचकापेक्षा तपासणीलाच जास्त भितात. निर्णय झाला तो असा: हा संच कार्यालयाच्या कपाटात ठेवावा आणि पालकाने समक्ष येऊन सही केल्यासच द्यावा. या अटीवर पुस्तक नेणारे पालक मला भेटायचे आहेत.

मला खरा राग आला तो घरी जाताना. त्याच बालविभागात, उघड्या फळीवर, शौर्य पुरस्कार मिळालेल्या मुलांच्या गोष्टींची पुस्तके आहेत. राष्ट्रीय बालशौर्य पुरस्कारांचा उगम म्हणजे १९५७ मधली हकिगत: दिल्लीच्या रामलीला मैदानावर शामियान्याला आग लागली, तेव्हा चौदा वर्षांचा एक मुलगा खांबावर चढला आणि त्याने जळते कापड कापून पंडित नेहरूंसह लोकांना वाट करून दिली. पुढच्या पुस्तकांतली मुले विहिरीत उड्या घेतात, बिबट्याशी झुंजतात, पुरातून भावंडांना ओढून काढतात. ती आगही खरी आणि ते पाणीही खरे, तरी त्यांविषयी एकही तक्रार माझ्या पाहण्यात नाही. हिरकणी काळोख्या रात्री रायगडाचा कडा उतरली, तिचा धडा आपण मुलींना पाठ करून घेतो. पण ती तान्ह्या बाळासाठी उतरली होती. कड्याची उंची किती असेल हे पाहायला ती उतरली असती, तर आपण बुरुजाला तिचे नाव दिले असते का, याची मला शंका आहे.

तरीही आजोबा सर्वस्वी चूक होते असे मला म्हणता येत नाही, आणि हे प्रकरण मनातून जात नाही ते यामुळेच. पाचवी पायरी पाण्याखाली गेल्यावर मुलगी घरात गेली नाही, गढूळ पाण्यात खालच्या पायऱ्या दिसेनात म्हणून दोन पायऱ्या उतरली. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसालाही उलथवू शकते. हे गोष्टीच्या पुस्तकात नाही. तिथे शंभर पाने पाहिल्यावर पाणी नायिकेला ओळखू लागते आणि तिच्यासाठी बाजूला सरते. तिने मोजणी कोणत्या पुस्तकातून घेतली हे मी सांगू शकते. त्या दोन पायऱ्या कोणत्या पुस्तकामुळे उतरली, की कोणत्याच नाही, हे नोंदींवरून सांगता येत नाही. तिला विचारावे, तर बारा वर्षांच्या मुलीने ग्रंथपालाला हवे ते उत्तर देणे फार सोपे असते.

मंडळाला मी नवे टिपण दिले आहे. संच पुन्हा फळीवर यावा, आणि पाण्याच्या भागाशेजारी पुरावरचे पुस्तक, अग्नीच्या भागाशेजारी आगीवरचे, असे ठेवावे. वर्गीकरण मोडते अशी हरकत आमच्याच एका सहकाऱ्यांनी घेतली. त्यावर मी दाखवून दिले की दर्शनी मांडणीला वर्गांक लागू होत नाही, गणेशोत्सवात आपण आरतीसंग्रह आणि मूर्तिशास्त्र एकाच टेबलावर मांडतोच. विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर आहे, रंगकामाच्या अंदाजपत्रकानंतर.

सभासदत्वाचे म्हणाल, तर ते रद्द झालेले नाही. बालसभासदाची अनामत ज्या पालकाच्या सहीने जमा झाली त्याच्याच सहीने परत देता येते, आणि तिच्या अर्जावर सही आईची आहे. आजोबांना मी हे सांगितले, नियम वाचून दाखवला. “सुनेला पाठवतो,” म्हणून ते गेले. सूनबाई अजून आलेल्या नाहीत, आणि त्यांना स्मरणपत्र पाठवण्याची तरतूद आमच्या नियमावलीत नाही. पुस्तक वाळले आहे, कडा किंचित फुगल्या आहेत. मी त्याला नवी तारीखपट्टी लावली, आणि जुनी तक्रारीच्या फाइलला जोडली.