मेंढीची दगडी आणि नासलेलं दूध

सांगोला-मंगळवेढ्याकडं मेंढीचं दूध बहुतेक कोकराच्याच पोटात जातं, म्हणून दगडी, म्हणजे कास सुजण्याचा रोग, उशिरा ध्यानात येते. कोकरू उपाशी ओरडतंय, मेंढी मागचा पाय ओढतेय, की आधी कास चाचपा.

दोन्ही सडांच्या पहिल्या धारा वेगवेगळ्या काळ्या फडक्यावर घ्या. गुठळ्या लगेच दिसतात. सुजलेल्या कासेतून रक्तातलं मीठ दुधात झिरपतं, म्हणून ते खारट होतं. केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, तुटतं, म्हणून दही सैल लागतं. छुप्या दगडीत मात्र दूध चांगलंच दिसतं. तेव्हा प्रत्येक सडाचं दूध आणि सीएमटीचं (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, दगडी तपासायची चाचणी) द्रावण समप्रमाणात घेऊन फिरवा. शेंबडासारखं घट्ट झालं, की दुधात रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढल्यात, म्हणजे दगडी आहे.

कास थंड, निळी पडली तर हळदीचा लेप लावत बसू नका, त्याच तासाला डॉक्टर बोलवा.