आपली धूळ

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, घर झाडून-पुसून लख्ख केलेलं, आणि मी कॅमेऱ्याची बॅग पाठीला लावून तोरणमाळला निघालो. कशाला, तर धुळीचे फोटो काढायला. माय दारातच उभी. "धूय देखाले इतलं दूर जाई राह्यना? आठे काय कमी शे?"

बिनतोड. आम्ही धुळ्याचे. उन्हाळ्यात सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहावं.

पण तिजेचा चंद्र नऊ-साडेनऊलाच मावळतो, आणि मग सातपुड्यावर रात्र आपली. वृश्चिकातली तांबूस ज्येष्ठा वर चढली की तिच्या शेजारचा धुळीचा ढग टप्प्यात येतो, सुमारे ४०० प्रकाशवर्षांवरचा. त्यातले कण मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, बारीक. जात वाळूची आणि काजळीची. धूळ म्हणण्यापेक्षा चुलीचा धूरच म्हणावा. एखाद्या ताऱ्याजवळ तो निळा उजळतो. बाकी ठिकाणी मागचे तारे झाकून नुसता काळा बसतो. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला ही आकाशाला पडलेली भोकं वाटली होती. पुढे बर्नार्ड या खगोलशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं फोटो काढून १९१९ साली अशा १८२ काळ्या जागांची यादीच छापली. मला तो माणूस फार जवळचा वाटतो. जिथे काही दिसत नाही, तिथेच कॅमेरा लावून बसायचा!

मी दोन-दोन मिनिटांचे साठ फोटो घेतले. ते संगणकावर एकावर एक रचले की खरखर निवते आणि धूर वर येतो. एक मात्र करावं लागतं: सेन्सरवरच्या आपल्या धुळीचेही गोल धूसर डाग प्रत्येक फोटोत उमटतात. ते काढायला लेन्सवर पांढरा बनियन ताणायचा, पहाटेच्या उजेडात कोऱ्या पांढऱ्याचे फोटो घ्यायचे आणि त्यांच्या हिशेबाने तेवढे डाग काढून टाकायचे. म्हणजे रात्रभर एक धूळ जमवायची आणि पहाटे दुसरी झटकायची. यात लेन्सचा फोकस बदलता कामा नये आणि सेन्सरवरची धूळही जागची हलता कामा नये. मी चहा घ्यायला उठताना तिपाईला पाय मारला.

घरी आल्यावर मायला मोबाइलवर फोटो दाखवला. निळा धूर, काळे ओघळ, तांबूस ज्येष्ठा. तिने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं, मग कोपऱ्यातल्या एका गोल डागावर बोट ठेवलं.

"आनी हाई काय शे?"

"ती आपली," मी म्हणालो.