तुम्ही विचारलंत म्हणून: वीज वाहत नाही, तर चुंबक कसा?

दर 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या गर्दीत, कोणीतरी हमखास विचारतंच: ‘मॅडम, तुमचा हा कॉपर ऑक्सिसेलेनाईटचा स्फटिक इन्सुलेटर, म्हणजे वीज न वाहू देणारा, आहे म्हणता, मग त्यात चुंबकत्व आलं कुठून? शाळेत तर खिळ्याला तार गुंडाळून वीज सोडली की चुंबक होतो असं शिकवलं होतं.’ आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी तर मला जिन्यात गाठून हेच विचारलं. वर अट घातली, ‘ते टोपोलॉजी वगैरे नंतर, आधी हे सांगा.’ अट रास्त आहे.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात फुटके स्पीकर मिळतात. एखादा उघडा. मागे काळी, जाड कडी असते. तिच्यावर मल्टिमीटरच्या दोन्ही पिना टेकवा, वीज वाहत असल्याचं काही चिन्ह दिसणार नाही. पण पाना जवळ नेलात तर खटकन चिकटतो. ही फेराइटची कडी म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड आणि बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम एकत्र दाबून भट्टीत भाजलेलं सिरॅमिक. म्हणजे इन्सुलेटर चुंबक आपल्या घरात कधीचाच आहे.

खरी गंमत पुढे आहे. अणूत इलेक्ट्रॉन फिरतात, तोच छोटा प्रवाह, म्हणून चुंबकत्व, हे उत्तर बरं वाटतं, पण टिकत नाही. जुन्या, न्यूटनच्या धाटणीच्या भौतिकशास्त्राने हिशेब केला तर समतोलातल्या कुठल्याही पदार्थाचं चुंबकत्व शून्य येतं. नील्स बोर यांनी हे 1911 च्या प्रबंधात दाखवलं, पुढे हेंड्रिका व्हान लेउवेन यांनीही. तेव्हा फ्रिजवरचा चुंबकसुद्धा क्वांटमच आहे. इलेक्ट्रॉनला स्वतःचा स्पिन असतो, म्हणजे जन्मजात चुंबकपणा, बाणासारखा दिशा असलेला. आणि शेजारच्या अणूंचे स्पिन एका दिशेला की उलट, हे ठरवतं ते त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण आणि पाउलीचा नियम (दोन इलेक्ट्रॉन हुबेहूब एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) मिळून. 1928 मध्ये हायझेनबर्ग यांनी मांडलेलं एक्स्चेंज ते हेच. त्यासाठी इलेक्ट्रॉनने गावभर हिंडायची गरज नाही, जागच्या जागी बसूनही ते होतं.

आता काकांनी ‘नंतर’ म्हटलेला भाग. स्फटिकाच्या रचनेत डावं-उजवं सारखं नसेल तर एक्स्चेंजच्या जोडीला आणखी एक दुबळा परिणाम येतो, झ्यालोशिन्स्की आणि मोरिया यांच्या नावाचा. त्याचं म्हणणं, शेजाऱ्याला समांतर राहू नका, जरा वळून उभे राहा. कॉपर ऑक्सिसेलेनाईट या गडद हिरव्या स्फटिकात हे वळण एका युनिट सेलमागे (म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या ठोकळ्यामागे) जेमतेम 5 अंशांचं. पण थेंबे थेंबे तळे साचे, सुमारे 60 नॅनोमीटरमध्ये पूर्ण फेरी होते. योग्य चुंबकीय क्षेत्र दिलं की त्यातून भोवरे तयार होतात: मध्यभागी स्पिन खाली, कडेला वर, मधले वळत गेलेले. हेच स्किर्मिऑन. 2009 मध्ये ते मँगनीज सिलिसाइड या धातूत दिसले, 2012 मध्ये या इन्सुलेटरमध्ये. नाडीला बसलेल्या गाठीसारखं आहे हे: टोकं मोकळी नसतील तर गाठ सरकवता येते, सोडवता येत नाही. अशा गुंत्यांचं गणित म्हणजे टोपोलॉजी. अर्थात पदार्थ सुट्या अणूंचा बनलेला असल्याने पुरेशा उष्णतेने हीही गाठ सुटते. ‘टोपोलॉजीचं अभेद्य संरक्षण’ असं छापलेलं दिसलं की मी पान उलटते.

60 नॅनोमीटरचा भोवरा बऱ्यापैकी जुन्या पद्धतीच्या गणिताने काढता येतो, म्हणून पुष्कळजण तिथेच थांबतात. माझा जीव अडकलाय तो त्याच्या आत. या स्फटिकात तांब्याच्या चार-चार अणूंच्या चौकड्या आहेत. पुस्तकातल्या चित्रात तीन बाण वर, एक खाली. चित्र सोयीचं आहे, पण खरं नाही. एकटी चौकडी घेऊन गणित मांडा (बाण वर म्हणजे स्पिन अधिक 1/2, खाली म्हणजे उणे 1/2): तो ‘खालचा’ अणू खाली सापडण्याची शक्यता 3/4 आहे, आणि उरलेल्या 1/4 मध्ये तो वर असतो, खाली असतो बाकी तिघांपैकी कोणीतरी. म्हणून त्याचा सरासरी स्पिन उणे 1/2 नाही, उणे 1/4 भरतो. चौघांची बेरीज मात्र ठाम, 1. कोणाचा बाण कुठे, हे सुटं सुटं सांगताच येत नाही. चौघांची अवस्था एकमेकांत गुंतलेली आहे. भोवऱ्याची वीट तांब्याचा अणू नाही, ही चौकडी आहे. चौकडीच्या आतले बंध घट्ट, चौकड्यांमधले सैल, म्हणून ती अखंड विटेसारखी वागते. 2014 मध्ये हे सविस्तर मांडलं गेलं आणि माझ्या दृष्टीने या पदार्थाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. भोवरे दिसले याचं कौतुक खूप झालं, ते कशाचे बनलेत याचं कमी.

काकांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: माहिती साठवायला हे भोवरे मोबाईलमध्ये कधी येणार? इन्सुलेटरचा फायदा खरा आहे. प्रवाहच नाही, तर प्रवाहामुळे तापणंही नाही; शिवाय या पदार्थात नुसत्या विद्युत क्षेत्रानेही भोवऱ्यांवर परिणाम करता येतो. पण त्याचं चुंबकत्वच 58 केल्विनच्या, म्हणजे उणे 215 सेल्सियसच्या खाली सुरू होतं. थंड करायला नेहमी वापरतात तो द्रवरूप नायट्रोजन 77 केल्विनला उकळतो, तोही पुरत नाही. हा स्फटिक काही तुमच्या खिशात येत नाही. खोलीच्या तापमानाला चुंबक राहणाऱ्या गार्नेट नावाच्या स्फटिकांच्या पातळ थरांवर काम चालू आहे, विचारायचंच असेल तर त्यांच्याबद्दल विचारा.